रंगकामासाठी पाळणाघर बंद

तीर्थरूप अक्कास,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे आता कुरकुरत नसतील, आणि कुरकुरत असलेच तर ऐकून घेणारं कोणीतरी जवळ असेल, अशी आशा करतो. माझी झोप उत्तम आहे. त्याचा पुरावा पुढे येईलच.

पाळणाघरात पोरांचं वळण बिघडतं, ती घराला परकी होतात, हे तुझं मत मी सूनबाईला इतक्यांदा ऐकवलं, की गेल्या आठवड्यात ती म्हणाली, रंगकामासाठी पाळणाघर आठवडाभर बंद आहे, पोरीला तुम्हीच सांभाळा. जमलं तर कायमची घरी ठेवू. मी मनातल्या मनात उडी मारली. (प्रत्यक्षात मारण्याचं वय गेलं.) आयुष्यभर छापखान्यातली माणसं सांभाळली, वीतभर नात काय जड?

पहिल्याच दिवशी जेवणाआधी बाईसाहेबांनी मला हात धुवायच्या रांगेत उभं केलं. माझ्यापुढे ती, तिच्यापुढे कापसाचं अस्वल. आधी त्याचे हात. भरवायला घास उचलला, तर आपापलं खायचं, असा हुकूम झाला. तिच्या ताटाभोवती एक शीत नव्हतं. माझ्या भोवतीची तिनं मुकाट्यानं वेचली. (शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, ती माझी तिथेच झाली. मला शाळेत जाईपर्यंत भरवायचं कोणी, अक्का?)

दुपारी गोष्ट सांगून तिला झोपवायचा माझा बेत होता. गोष्टीतला ससा बिळाबाहेरही पडला नव्हता, तोच तिनं मला आडवं केलं, पांघरूण घातलं आणि पाळणाघरातल्या मावशी थोपटतात तसं पाठीवर थोपटायला लागली. तुझी भावजय गेल्यापासून या पाठीवरून कोणाचा हात फिरला नव्हता गं. मी ढाराढूर झोपलो. (हाच तो पुरावा.)

सूनबाई आली तेव्हा चपला रांगेत लावलेल्या, नात माझ्या उशाशी, तोंडावर बोट. ‘‘हळू बोल, आबा झोपलाय.’’ दार नुसतं लोटलेलं होतं, अक्का. पोर बाहेर गेली असती तर? सूनबाईनं आधी कडी लावली, ते मनाला लागलं. उरलेले दिवस तिनं रजा काढली. पोर परकी झालेली नाही, शहाणी झाली आहे. पण तिच्या शहाणपणात माझं काही नाही, सगळं मावशींचं आहे, याचं वाईट वाटतं. लपवून काय करू?

तुझा,
धाकटा

ता. क. रविवारी येऊन सूनबाईला चार शब्द सुनव, असं मागच्या पत्रात म्हणालो होतो, ते राहू दे. तू मात्र ये, आणि चांगली राहायलाच ये. दुपारचं घर खायला उठतं. तुला थोपटता येतं ना अजून?

आणखी एक. आज पाळणाघर उघडलं. निघताना तिला माझे डोळे दिसले. (कांदा म्हणालो. घरात कांदा नव्हता.) नव्या पोरांना मावशी सांगतात तसं ती माझा हात धरून म्हणाली, ‘‘रडायचं नाही. संध्याकाळी नक्की येते.’’ आत्ता कुठे दुपार होते आहे. चपला रांगेत लावून बसलो आहे.