भाऊजींचा कुऱ्हाड्या

३ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं मागचं पत्र मिळालं. अक्षर असंच राहिलं तर पुढचं पत्र औषधाच्या दुकानात नेऊन वाचून घ्यावं लागेल. फोन का करत नाहीस असं पुन्हा विचारू नकोस. छापखान्यात घडीच्या मशीनशेजारी तीस वर्षं काढल्यावर जेवढे उरतात तेवढेच कान माझ्याकडे आहेत, आणि फोनवर तुझं अर्धं बोलणं मी मनानंच रचते.

ह्यांना जाऊन परवा चार महिने झाले. दुकान बंद होऊन तीन वर्षं झाली तरी पाटी काढवत नाही. अजून कुणीतरी बंद पडलेलं घड्याळ घेऊन येतं, मी खिडकीतून हातानंच नाही म्हणते आणि ते माणूस परत जातं. घरात काम कमी झालंय आणि दिवस उगाच लांबलाय.

आज लिहायला बसले ते कुऱ्हाड्यासाठी. ह्यांचा हात थरथरायला लागला तेव्हा व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी काहीतरी बारीक काम हाताशी ठेवा म्हणून सांगितलं होतं, आणि तूच तो अंगठ्याएवढा धातूचा योद्धा पाठवला होतास. डोक्यावर शिंगांचं शिरस्त्राण, खांद्यावर लांडग्याचं कातडं, पाठीला ढाल आणि दोन्ही हातांत ती भली मोठी कुऱ्हाड. ह्यांनी तो वर्षभर रंगवला. वाचनालयाच्या वरच्या खोलीत टेबलावर लढाया मांडून खेळणारी त्यांची मंडळी तुला माहीत आहेत. तेरा एप्रिलच्या रविवारी ती ह्यांच्या आठवणीसाठी एक डाव मांडणार आहेत आणि कुऱ्हाड्याला सेनापती करणार आहेत. पण त्यांचा नियम कडक आहे. कोरा किंवा अर्धवट रंगवलेला शिपाई पटावर चालत नाही. हे असते तर त्यांनीही तो नियम मोडू दिला नसता.

ढाल, पट्टा आणि डावा पाय राहिलाय. तुझं पोटच ह्या कामावर चालतं, तेव्हा मी दुसऱ्या कुणाकडे जाऊ? कापसात गुंडाळून आजच पार्सल केलंय. नीट करून दे. लहानपणी घरातल्या सगळ्या फोटोंना मिशा काढल्यास, आजीलासुद्धा सोडलं नाहीस. त्या पापाचं प्रायश्चित्त समज.

जेवण वेळेवर घेत जा. लोभ आहेच, तो अधूनमधून पत्रातही दिसू दे.

तुझी,
ताई


८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कुऱ्हाड्या सुखरूप पोचला. इतक्या कापसातून तो शोधायलाच अर्धा तास गेला. माझी तब्येत ठीक, पोट तुला आवडणार नाही इतकं ठीक. भिंगाचा पट्टा दिवसभर कपाळाला बांधून बांधून तिथे कायमचा वळ उठलाय. समोरच्या न्हाव्यानं परवा मला डोळ्यांचा डॉक्टर समजून स्वतःचा डोळा दाखवला.

आता कामाचं. ताई, रागावू नकोस, पण भाऊजी घड्याळात देवमाणूस होते आणि रंगात चारचौघांसारखे. रंग इतका जाड बसलाय की कातड्याचे केस बुजून गेलेत आणि चेहऱ्यावर तर गिलावाच झालाय. अशा अंगावर मी नुसती ढाल रंगवली तर ठिगळ लावल्यासारखं दिसेल. आमच्या धंद्यातला पहिला धडा असा की बिघडलेल्या रंगावर रंग चढवायचा नाही, आधी सगळा उतरवायचा. हे पत्र पेटीत टाकून आलो की त्याला स्पिरिटमध्ये बुडवतो. दोन-तीन दिवसांनी दात घासायच्या ब्रशनं घासला की आतून मूळ मूर्ती निघेल. मग बघ तुझ्या भावाचा हात. भाऊजींचा सेनापती पटावर उभा राहील तेव्हा मंडळी खेळायचं विसरतील.

तेरा एप्रिलच्या आत नक्की पाठवतो. तू काळजी करू नकोस, करणारच असशील तर स्वतःची कर. तुझा हात डोक्यावर आहे तसाच असू दे.

तुझा,
बारक्या


८ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

मागच्या पत्राला उत्तर यायच्या आत हे दुसरं, म्हणून हसू नकोस. पार्सल दिल्यापासून जिवाला चैन नाही. आज भांडी घासताना एकदम लक्षात आलं की महत्त्वाचं तेच लिहायचं राहिलं.

ह्यांनी जेवढं रंगवलंय त्याला हात लावू नकोस. तुला ते ओबडधोबड वाटेल, तसंच राहू दे. राहिलेलं तेवढं पूर्ण कर. त्यांचे कपडे मी वाटून टाकले, दुकानातली हत्यारं त्यांच्या शिष्याला दिली, चष्मासुद्धा कुणाच्या तरी कामाला आला. त्यांच्या हातचं म्हणावं असं घरात एवढंच उरलंय. तुला हे सांगावं लागणार नाही असं वाटत होतं, तरी लिहून टाकलं म्हणजे रात्री झोप लागेल.

पाणी जपून पी, तुझ्याकडे साथ आहे असं वाचलं. माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई


१२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं दुसरं पत्र आजच मिळालं. माझं तोवर तुला मिळालं असेल आणि तू घाबरली असशील, म्हणून लगेच लिहायला बसलो. घाबरण्यासारखं काहीही झालेलं नाही. त्या दिवशी पत्र टाकून आलो तर एका गिऱ्हाइकाचे वीस धनुर्धारी घाईच्या कामाला येऊन पडले, आणि तेव्हापासून मान वर करायला वेळ नाही. स्पिरिटची बाटली मी उघडलीच नाही. भाऊजींचा एक ठिपकाही हललेला नाही. आता हलणारही नाही. ढाल, पट्टा आणि डावा पाय, ह्यापलीकडे माझा ब्रश जाणार नाही.

एक छोटं काम आहे. ढालीचा रंग बाकीच्या अंगाशी जुळायला हवा, आणि माझ्या दिव्याच्या उजेडात रंग जरा फसवे दिसतात. तुझ्याकडे कुऱ्हाड्याचा एखादा फोटो असेल तर पाठव. चारी बाजूंनी काढलेले असतील तर फारच बरं. नसतील तर एकसुद्धा चालेल, पण लवकर पाठव.

तू निश्चिंत राहा. आशीर्वाद असू दे.

तुझा,
बारक्या


१६ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं आठ तारखेचं पत्र वाचलं आणि मी तशीच पायरीवर बसून राहिले. दोन दिवस चूल पेटवली नाही. काल दुसरं पत्र आलं तेव्हा जिवात जीव आला. बिचाऱ्या त्या वीस धनुर्धाऱ्यांना माझे आशीर्वाद सांग.

फोटो एकच आहे, सोबत पाठवते. ह्यांच्या तळहातावर उभा केलेला, समोरून काढलेला. जरा हललाय, पण रंग कळतील. परत पाठव, त्यात त्यांचा हातही आहे. ह्या वेळी तुझं अक्षर मात्र अगदी शाळेतल्या फळ्यावरच्यासारखं होतं, एकही शब्द अडला नाही.

प्रेम आहे तसंच राहो.

तुझी,
ताई


१ एप्रिल

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

पार्सल काल मिळालं. ढाल सुंदर झाली आहे. पट्ट्याचं बक्कल खऱ्यासारखं चमकतं. चांगलं ते आधी सांगून टाकलं.

आता विचारते, आणि खरं तेच सांग. बाकीचा रंग कुणाचा आहे?

कातड्याच्या कडेची रेघ हललेली आहे. शिंगांवरचे पट्टे हललेत, ओठ हललेत. थरथरत्या माणसानं रंगवलं की असंच दिसणार, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं असतं, पण वर्षभर मी त्या टेबलाशी शेजारी बसलेली आहे.

हे कसे रंगवायचे ते तुला कधी लिहिलं नाही. दोन्ही कोपरं टेबलावर टेकायचे, मनगटाखाली काडेपेटी सरकवायचे, ब्रश भरून घ्यायचे आणि थांबायचे. हात हलतच असायचा. पण मिनिटा-दीड मिनिटानं तो क्षणभर थांबतो हे त्यांनी शोधून काढलं होतं. जन्मभर घड्याळं ऐकलेला माणूस, तो क्षण त्यांना आधी कळायचा. तेवढ्यात एक रेघ, तांदळाच्या दाण्याएवढीही नाही. मग पुन्हा थांबायचं. दिवसाला वीस-बावीस रेघा झाल्या की माझ्याकडे बघून हसायचे. माझं काम ब्रश धुण्याचं आणि गप्प बसण्याचं. श्वास मोठ्यानं घेते म्हणून दोनदा बोलणी खाल्ली. रंग जाड बसला, कारण वाट बघेपर्यंत तो ब्रशवरच आळायला लागायचा. पण त्या अंगावर वाकडी रेघ नव्हती, बारक्या. एकही नव्हती. त्याच्यासाठी त्यांनी वर्ष घालवलं होतं.

तेरा तारीख जवळ आली आहे. त्याआधी उत्तर दे.

ताई


५ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

तुला खोटं लिहिलं. अकरा मार्चला मी त्याला घासून लख्ख केला आणि बारा तारखेला तुझं पत्र आलं. तुला काय तोंड दाखवू कळेना, म्हणून ते धनुर्धारी रचले. पुढचंही सांगतो. तुझा फोटो समोर ठेवला आणि ब्रश डाव्या हातात धरला, म्हणजे रेघ आपोआप हलेल. एका सकाळीत झालं. वाळल्यावर मला ते जमलंय असंही वाटलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो मी.

परक्यांच्या शिपायांच्या पापण्या मी रोज भिंगातून बघतो. भाऊजींच्या कामावर मी एकदाही भिंग धरलं नाही. जाड रंग दिसला, आजारी माणसाचं काम म्हणून मनातच निकाल लावला आणि बाटली उघडली. तुझं पत्र वाचल्यापासून त्या रेघा आठवायचा प्रयत्न करतोय. घासताना रंगाचे पापुद्रे निघत होते, तेव्हा तरी दिसल्या असतील ना. पण डोळ्यांसमोर मोरीतलं तांबूस पाणीच येतं, दुसरं काही येत नाही.

तू म्हणशील ते करतो. रविवारी तिथे येतो आणि मंडळींना माझ्या तोंडानं सांगतो. नाहीतर कुऱ्हाड्याला घरीच ठेव. किंवा परत पाठव, मी पुन्हा उतरवून भाऊजींसारखा थांबून थांबून रंगवतो, वर्ष लागलं तरी चालेल. माफी मागायची हिंमत नाही, ती तू न मागता दिलीस तर घेईन.

तुझा,
बारक्या


१४ एप्रिल

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र नऊ तारखेलाच मिळालं होतं. तू येऊ नकोस असं कळवायला हवं होतं, पण पेन उचलवलं नाही. तू आपणहून आला नाहीस ते बरं केलंस.

तेराला मी कुऱ्हाड्याला रुमालात घेऊन गेले. जिने चढताना ठरवलं होतं की सगळं सांगून टाकायचं आणि परत यायचं. टेबल मांडून झालं होतं, दहा-बारा माणसं उभी होती, ह्यांची खुर्ची त्यांनी जागेवर ठेवली होती. मी रुमाल सोडला. तो दाढीवाला मास्तर आठवतो का, ह्यांना प्रत्येक डावात हरवायचा आणि मग जिना उतरायला हात द्यायचा? त्यानं कुऱ्हाड्याला उचलून उजेडात धरलं. मग सगळ्यांना जवळ बोलावून म्हणाला की बघा, रेघ न् रेघ थरथरली आहे, तरी ह्या माणसानं सोडलं नाही. एकेकानं हातात घेऊन पाहिला. त्या मास्तरच्या डोळ्यांना पाणी आलं. मला ऐकू आलं नसेल असं वाटून तो तेच पुन्हा मोठ्यानं म्हणाला, आणि मी मान हलवली.

तुझी लाज राखायला हलवली की माझी, की त्या माणसाचं रडू वाया जाऊ नये म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही. डाव तीन तास चालला. कुऱ्हाड्या शेवटपर्यंत उभा होता. आता ते त्याला तिथल्या काचेच्या कपाटात ठेवणार आहेत, खाली कागदाची चिठ्ठी लावून, थरथरत्या हातानं रंगवलेला म्हणून. मला विचारलं. मी हो म्हटलं. तेव्हा आता तुझ्या खोट्यात निम्मा वाटा माझा आहे. तू एकट्यानं ते उरावर घेऊन बसू नकोस.

पण एक ध्यानात ठेव. पुन्हा रंगवायचं कधी बोलू नकोस. तुझा हात थरथरत नाही, तू कसली वाट बघणार? जो येईल तो ती चिठ्ठी वाचेल आणि हळहळेल. ह्यांची त्या कामातली एकही रेघ थरथरली नव्हती हे जगात आता फक्त मला माहीत आहे, आणि तुला माझ्याकडून ऐकून.

फोटो अजून परत आलेला नाही, तो पाठव. तुझी खुशाली कळवत जा. लोभ वाढावा असं आज लिहवत नाही. आहे तेवढा राहू दे.

ताई