कुंकू लागलेल्या डिस्क

साहेब, तुमच्या त्या एका डिस्कची खरी किंमत मी अखेर मांडली. कायम व्हायला आलेली नोकरी, दापोडीतली भाड्याची खोली, आणि माझ्यासाठी रदबदली करायला आलेल्या आईनं तुमच्या केबिनबाहेर उभ्यानं काढलेली अख्खी दुपार. तुम्ही आत चहा पीत होतात. तिला बस म्हणाला नाहीत. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्याबद्दल बरं बोलायला माझी जीभ वळत नाही.

माझ्या पाळीत पार्टांची भोकं मापापेक्षा मोठी पडली, माल परत आला, असं तुमचं म्हणणं. मी म्हणालो, "शक्य न्हाई. टूल झिजलं की मला आवाजावरून कळतं." सगळा कारखाना मला त्या कानांसाठीच ओळखायचा. तुम्ही कपाटातली कॉम्प्युटरची डिस्क कडेनं धरून माझ्या नाकापुढं नाचवलीत. "मापं यात आहेत. कागद कुजेल, तू मरशील, ही शंभर वर्षं बोलेल." "मग दाखवा की." "तुला काय कळणार त्यातलं?" आणि गेटपास काढून घेतलात.

यंदा तुमची कंपनी लिलावात निघाली. मशीनं मी घेतली, चाकणच्या माझ्या शेडमध्ये आणली. सोबत ते कपाटही आलं, डिस्कांच्या गठ्ठ्यासकट. थेरगावच्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं, तर तो गठ्ठा बघून हसायलाच लागला. डिस्कवर कुंकवाचे टिळे. "शेठ, नैवेद्य पण दाखवायचे का ह्यांना?" खंडेनवमीला मशीनबरोबर डिस्कही तुम्ही पुजायचात, ओल्या बोटानं. "लोक खालच्या चकचकीत बाजूला जपतात," तो सांगतो, "पण चांदीचा थर असतो वर, नावाच्या बाजूला, नुसत्या पातळ रंगाखाली. पाणी तिथंच शिरलं." नखानं टोकरलं की पापुद्रा सुटून येतो, पलीकडचा उजेड दिसतो. एकामागून एक डिस्क मुकी. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? तुमची शंभर वर्षं तुमच्याच बोटानं संपवली होती. चहाला जमलेल्या पोरांना मी पापुद्रे दाखवले आणि म्हणालो, "बघा, हा माझ्याविरुद्धचा पुरावा."

पोरं कामाला गेल्यावर तळाची डिस्क उघडली. तिला टिळा लागायचा राहिला होता. तेव्हाच दाखवली असतीत, तर एवढं वैर पोसावं लागलं नसतं. पत्र फाडतोय. तारीख तीच, पाळी माझीच, आणि पहिल्या तासापासून भोकं मोठी होती.