मावशीला विचारू का?

१२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. भाऊजींचा गुडघा आता कसा आहे? इकडे सगळं ठीक, असं लिहायची सवय म्हणून हात तिकडेच वळला होता. तसं नाहीये. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. नर्सबाई ना तू, पेशंटने तोंड उघडायच्या आत तुझं निदान तयार! म्हणून पत्र.

लेक परवा हॉस्पिटलमधून घरी आली. मळमळ गेलेली नाही. दोन घास खाल्ले की तोंडावर हात. डॉक्टर म्हणतात, साखर फार दिवस वर राहिल्याने पोट सुस्तावलंय, अन्न तासन्तास तिथेच बसून राहतं. पंधराव्या वर्षी! बरी होईल ना विचारलं, तर "बघू" म्हणाले.

तीन महिने ती सांगत होती, आई, मळमळतंय. मी म्हणायचे, परीक्षा आली की तुझी नाटकं सुरू. त्याच तीन महिन्यांत तिचा शाळेचा स्कर्ट मी दोनदा कमरेत आत घेतला. दुसऱ्यांदा तर शिवणाच्या दुकानातल्या बायकांना कौतुकाने दाखवला, बघा, पोरगी कशी शेलाटी झाली. दिवसभर लोकांची मापं घेते गं मी.

तू वॉर्डात सगळ्यांसमोर तिला झापलंस. "इतक्यांदा बजावलं होतं, आजारी असलीस तरी इन्सुलिन बंद करायचं नाही! जीव नकोसा झालाय का?" ती भिंतीकडे बघत म्हणाली, "कंटाळा आला म्हणून नाही घेतलं." डॉक्टरांनाही तिने हेच सांगितलं होतं. मी फाइल छातीशी धरून शेजारी उभी होते.

ताई, ते खोटं होतं.

त्या मंगळवारी ती सकाळपासून ओकत होती. इंजेक्शन हातात घेऊन म्हणाली, "मावशी म्हणते घ्यायचंच. घेऊ ना?" मी म्हटलं, "पोटात अन्नाचा कण नाही आणि साखर उतरवायचं औषध कसलं घेतेस? मागच्यासारखी चक्कर येऊन पडशील. ठेव ते." बुधवारीही मीच ठेवायला लावलं. "मावशीला विचारू का?" म्हणाली, तर मी फणकारले, "आई मी आहे की ती?" गुरुवारी तिला धाप लागली, डोळे उघडेनात, तेव्हा कुठे धावले.

घरी आल्यावर विचारलं, खोटं का बोललीस गं? म्हणाली, "तू आधीच किती रडत होतीस."

वॉर्डातल्या त्या दिवसापासून तू तिच्याशी बोललेली नाहीस. काल तिला पुन्हा उलटी झाली. अशा वेळी काय करायचं, तो कागद डॉक्टरांनी दिलाय, मला पाठ आहे, तरी तोंडून "घे" निघेना. तिने तुला फोन लावला. तू कट केलास. शेवटी कागद दोनदा वाचून मी "घे" म्हटलं. तिने निमूट घेतलं आणि म्हणाली, "जाऊ दे आई, यापुढे तू सांगशील तसंच करेन."

ते ऐकलं आणि आज हे पत्र लिहायला बसले. माझ्याशी जन्मभर बोलू नकोस, ताई. तिचा फोन उचल.

म्हणवून घ्यायची लाज वाटते, तरी तुझीच,
धाकटी