निळ्या फाइलमधलं भाषण

बाबा,

तुम्ही झोपले होते म्हणून उठवलं नाही. कुर्ता इस्त्री करून दाराच्या खुंटीवर लावला आहे, चष्मा टीव्हीजवळ आहे. चहा थर्मासमध्ये आहे, साखर नाही टाकली. मी मैत्रिणीसोबत, अंतरासोबत, भेडाघाटचा धबधबा पाहायला चालली. फोन बंद राहील.

संध्याकाळी सहा वाजता मंडळात तुमचं भाषण आहे, ‘मुलांनो, शिकून आपल्या गावी परत या’. दरवर्षी मीच लिहून देते, पुण्याला कॉलेजात होती तेव्हाही पाठवत होती. यंदा तर मी स्वतःच परत आली. चांगलं जमलं असतं.

पण काल अंबरीशकाकांनी विचारलं, पोरगी काय करते? मी तिथंच चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तुम्ही हसून म्हणाले, “काही नाही जी, कॉलेज झाल्यापासून रिकामी बसून राहिली घरी.” मग तुमच्या पेन्शनचे फॉर्म काय भूत भरून राहिलं होतं?

चलो, जाऊ द्या. भाषण निळ्या फाइलमध्ये आहे. नेहमीसारखं थेट स्टेजवर उघडू नका, आधी एकदा पाहून घ्या. चार कागद आहेत. चारही रिकामे बसून राहिले आहेत.

अवंती