पश्चिमेच्या भिंतीवर तू ओतलेलं पाणी

माय, परवा आपल्या घराचा फोटो काढायला दोन माणसं आली होती. गळ्यात कॅमेरे, डोळ्यांवर काळे चष्मे. पश्चिमेच्या भिंतीला हात लावून एक जण दुसऱ्याला म्हणाला, काय सुंदर, किती पर्यावरणपूरक! मला हसू आवरेना. याच भिंतीला बँकेचा मॅनेजर कच्ची म्हणाला होता आणि तू सरळ चिखल म्हणाली होतीस. माती तीच आहे, तोंडं तेवढी बदलली. त्यांना चहा पाजून वाटेला लावलं आणि तुला लिहायला बसले. आपलं भांडण अर्ध्यावर राहिलं होतं. तू मधेच उठून गेलीस, ही तुझी जुनीच खोड. आज मी एकटीच बोलणार आहे आणि तुला ऐकावं लागणार आहे.

आपला जिल्हा परभणीतून नुकताच वेगळा झाला होता, तेव्हाची गोष्ट. बी.ए. होऊन मी कळमनुरीच्या एका स्वयंसेवी संस्थेत लागले होते, तिथंच एक खोली भाड्यानं घेऊन राहत होते. खोली स्लॅबची होती, हे तुझ्या बरोबर ध्यानात होतं. आखाडा बाळापूरच्या रस्त्याला लागून आपली वस्ती, सगळी पत्र्याची. किल्लारीच्या भूकंपानंतर लोकांनी मातीची धाब्याची घरं भीतीनं पाडली, आणि आपलं तर तू स्वतः पहार घेऊन पाडलंस. मग पत्रे आले आणि पत्र्यांखालचा उन्हाळा आला. अकरा वाजले की तू घरातून उठायचीस ती पाच वाजेपर्यंत लिंबाखाली बसायचीस. स्वतःचं घर असून दुपारी बाहेर बसणारी बाई! पत्र्यावर भाकर टाकली तरी भाजून निघंल, असं तूच म्हणायचीस. संस्थेचे सर म्हणायचे, यावर उपाय आहे. माती, थोडी वाळू आणि नावाला सिमेंट कालवून यंत्रात दाबून विटा करायच्या. भट्टी नाही, लाकूड जाळायचं नाही. भिंत जाड, वर कौलं, आत थंडावा. संस्था एक पैशाचा नफा घेणार नाही. वीस घरं, वीस बायकांच्या नावावर. फक्त कर्ज मिळायला पाहिजे होतं.

फक्त, म्हणे! बँकेच्या पायऱ्या झिजवता झिजवता माझ्या दोन चपला झिजल्या. मॅनेजर माणूस वाईट नव्हता, चहा पाजायचा. पण फाइल उघडली की त्याला हसू यायचं. "मातीच्या भिंतीवर कर्ज? बाई, पावसाळ्यात आमचं तारणच वाहून जाईल की." मी म्हटलं, साहेब, या मुलखात गावंच्या गावं मातीत उभी राहिली, तुमची बँक काल-परवाची. तो म्हणाला, ते सगळं बराबर आहे, पण माझ्या फॉर्मात दोनच रकाने आहेत, पक्कं आणि कच्चं, आणि कच्च्यापुढं कर्ज नाही. फाइल परत. शेवटी सरांनी मुंबईची एक गृहकर्ज देणारी कंपनी गाठली. ती संस्थेला पैसे देणार, संस्था घरं बांधणार, बायका वर्षानुवर्षं हप्ते फेडणार. अट एकच होती. वीसही बायकांनी एकमेकींची हमी घ्यायची, आणि एकीचा जरी अंगठा कमी पडला तरी कुणालाच कर्ज नाही. एकोणीस जणी तयार झाल्या. विसावी कोण होती, हे तुला सांगायची गरज नाही.

विहारापुढच्या मांडवातली ती बैठक मला अजून दिसते. मुंबईचा साहेब खुर्चीवर बसलाय, बायका सतरंजीवर, मी नकाशा धरून उभी. साहेब गोडगोड बोलतोय, ही घरं निसर्गाला जपणारी आहेत वगैरे. आणि तू मागून उठतेस. पदर खोचलेला, हातात विळा, कारण तू थेट रानातून आलेली.

"सायेब, तुमचं सोताचं घर कशाचं हाय?"

साहेब म्हणाला, "आमची बिल्डिंग आहे, आजी. सिमेंटची."

"आन सर, तुमचं?"

सर खाली बघून म्हणाले, "स्लॅबचं."

"पाटलाचं स्लॅबचं, बँक स्लॅबची, शाळा स्लॅबची. मंग आमालाच काहून माती? निसर्ग काय आमच्या एकट्याच्या जिवावर जपून राहिले तुमी?"

मी दबक्या आवाजात म्हटलं, माय, गप बस ना. आणि तू सगळ्यांदेखत माझ्याकडं वळलीस. "जलमभर गपच बसले. लोकायच्या भिती सारवल्या, त्यायच्या घरात पाय न्हाई ठेवू दिला. तुला शिकवलं ते काय मला परत चिखलात बसवायला व्हय गं?" वीस अंगठे झाले की कळवा, म्हणत साहेबानं कागद बॅगेत घातले. तो गेल्यावर शेजारची अक्का तोंडावर म्हणाली, म्हातारीनं आमच्या घरावर नांगर फिरवला. त्या दिवशी मला तुझा राग नव्हता आला, माय, त्या दिवशी तू मला नकोशी झाली होतीस. आणि खरं सांगू, तुझा प्रश्न खरा होता म्हणूनच जास्त झोंबला.

घरी जाताना पांदीत तू पुढं, मी मागं. अर्ध्या वाटेत न वळता म्हणालीस, "एक काम कर. आदी तू राहून दाखव. एक पावसाळा. भित उभी राह्यली तं मी अंगठा देते." मीही तुझीच लेक. खोलीचं भाडं चुकतं करून पेटी उचलून आणली. संस्थेनं नमुन्याच्या खोलीसाठी वीट पाडायचं यंत्र दिलं, मजुरी माझ्या पगारातून गेली. आपल्या पत्र्याच्या शेजारी एक खोली उठवायची ठरली. वीटही घरचीच पाडायची होती, दोन-दोन बायका त्या यंत्राच्या दांड्याला लोंबकळायच्या. शिकवायला शहरातून आलेल्या पोरांनी जवळची म्हणून रानातली काळी माती खणली. चार दिवसांत विटांना अशा भेगा पडल्या की बोट जाईल. तू लांबून सगळं बघत होतीस. शेवटी राहवलं नाही तेव्हा आलीस, चिमूटभर माती तोंडात टाकून दातांखाली घोळवलीस आणि थुंकलीस. "काळीत पेरावं, तिच्यात घर बांधू नये. उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते. टेकाडामागची तांबडी आना, ती दातात खरखर करते." तांबडी आणली आणि वीट घंटेसारखी वाजायला लागली. घराच्या विरोधात असलेल्या बाईनं घराची माती निवडून दिली. वर आणि म्हणालीस, मी काई तुमच्या पार्टीत आले न्हाई.

मग पाऊस लागला आणि तुझी परीक्षा सुरू झाली. पाऊस पश्चिमेकडून झोडपायचा तो झोडपायचाच, पण तेवढ्यानं तुझं भागेना. रोज रानात जायच्या आधी तू कळशी भरून यायचीस आणि त्याच भिंतीवर, कमरेच्या उंचीला, एकाच जागी ओतायचीस. भर पावसातसुद्धा! लोक म्हणायचे, म्हातारी पिंडीवर पाणी घातल्यावानी भितीवर घालून राह्यली. तू म्हणायचीस, "देवाला पाझर फुटत न्हाई, भितीला फुटतो का ते पाहून राह्यले." मी दारात बसून दात घासत बघायचे. आपण एकमेकींशी बोलत नव्हतो, पण कळशी रिकामी झाली की तू भिंतीवर तळवा फिरवायचीस आणि माझ्याकडं एक नजर टाकायचीस. एकोणीस बायका आपापल्या पत्र्याखालून मोजत होत्या, की पावसाळा आता किती उरला. पोळ्यानंतर झड लागली, सलग, सूर्य दिसेना. झड सरल्यावर एका सकाळी तू आलीस, कळशी खाली ठेवलीस आणि ओतलीच नाहीस. भिंतीला हात लावलास. मग माझा हात ओढून घेतलास. "हात काहून फुटले तुझे?" मी म्हटलं, धुण्याच्या सोड्यानं. तू बराच वेळ माझी बोटं बघितलीस. "बरं," म्हणालीस, आणि कळशी उचलून रानात गेलीस.

दसऱ्याला तू अंगठा दिलास. तोही फुकट नाही. सरांना म्हणालीस, "आदी तुमचं आपिस ह्याच विटंचं होईन, मंग आमची घरं." सरांनी ते कागदावर लिहून दिलं आणि पाळलं, हेही कबूल करते. संस्थेचं ऑफिस आधी उठलं, मग आपली वीस, आणि त्यातलं तुझं त्या नमुन्याच्या खोलीलाच जोडून. मुंबईचा साहेब पुन्हा आला तेव्हा तुझ्या पाया पडायला वाकला आणि तू म्हणालीस, ऱ्हाऊ द्या, पहिलं घर बदला. त्या पुढच्या वैशाखात मी दुपारी दोन वाजता कळमनुरीहून आले तर लिंबाखाली तू नव्हतीस. मी धावत दाराशी गेले. आत बघते तर तू जमिनीवर उताणी झोपलेली, तोंड उघडं, घोरत होतीस. माझ्या सबंध जन्मात मी तुला दुपारी घरात झोपलेली पाहिली नव्हती. मी दारातच बसले आणि पोटभर रडले. तू उठलीस आणि म्हणालीस, "काय झालं गं, कोन मेलं?" तसे दोनच उन्हाळे मिळाले तुला. मला त्याचा अजून राग येतो. कुणावर काढू, कळत नाही.

एकोणीस जणींनी शेवटचा हप्तासुद्धा भरला, तुझा मी भरला. कर्ज फिटल्याचं कंपनीचं पत्र आलं, बँकेचा तो मॅनेजर बदलून गेला, नव्यानं स्वतः येऊन विचारलं की आणखी घरं बांधता का, कर्ज देऊ. मी म्हटलं, साहेब, तुमच्या फॉर्मात तिसरा रकाना आला का? वीसच्या वीस घरं उभी आहेत. एकही भिंत पडली नाही. तारण वाहून गेलं नाही. कच्चं म्हणणाऱ्यांनो, या आणि ढकलून बघा, असं मला वेशीवर उभं राहून ओरडावंसं वाटतं. तूही ऐक, तू हरलीस, माय. गरिबाला माती म्हणून दिलेलं घर मी गरिबाचं नाक वर करून उभं केलं.

इथपर्यंत लिहून थांबले असते तर बरं झालं असतं. पण गेल्या महिन्यात त्या पश्चिमेच्या भिंतीचा, तू पाणी ओतायचीस तिथला, ताटाएवढा पोपडा सुटून खाली पडला. तो मातीचा नव्हता, सिमेंटचा होता. झड उघडली त्या दुपारी, तू रानात गेली होतीस तेव्हा, मला तिथं वीट भुरभुरताना दिसली. नखानं ओरखडलं की कण यायचे. वीस घरं माझ्या डोळ्यांपुढं विरघळली. मी शेजारच्या गवंड्याकडून पाटीभर सिमेंट आणलं, उघड्या हातानं कालवलं, थापलं आणि वरून तांबड्या मातीचा हात फिरवला. बोटं त्यानं फुटली होती, सोड्यानं नव्हे. त्या लेपावर तू अंगठा दिलास, आणि तुझ्या अंगठ्यावर वीस घरं उभी राहिली.

पोपडा पडल्यावर मी मागची वीट बघितली. सगळी मिळून नखाएवढी खोल झिजली होती. इतक्या कळश्या, इतकी झड, आणि नखाएवढी! तिला लेपाची गरजच नव्हती. मी ती जागा तशीच उघडी ठेवली आहे, ते फोटोवाले तिथंच हात फिरवून गेले. साऱ्या जगाशी भांडले की विश्वास ठेवा. मॅनेजरचा नव्हता, तुझा नव्हता, म्हणून ओरडत फिरले. त्या दुपारी माझाही नव्हता.

तुला कळलं होतं का गं? "बरं" म्हणालीस ते कशाला? हातानं जन्मभर भिंती सारवलेल्या बाईला सिमेंट आणि माती वेगळी कळली नसेल, हे मला पटत नाही. मग अंगठा काहून दिलास?

पत्र लिहून झालं, पेटीत ठेवते. तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तर मीच समोर बसून वाचून दाखवलं असतं, आणि पोपड्यापासून पुढचं सगळं गाळलं असतं.