मागच्या भिंतीला यापुढे रंग देऊ नये

मी, खाली सही करणारा, वय सव्वीस, धंदा मिळेल तो, पूर्ण शुद्धीत आहे, प्यायलेलो नाही, आणि कुणी माझा हात धरून हे लिहून घेत नाही. उद्या मालवाहू बोटीवर खलाशी म्हणून चढतोय. समुद्राचा काय भरवसा? म्हणून माझ्यामागे काय कुणाचं ते आजच लिहून ठेवतो, ते असे की :

कलम १. आईवडिलांमागे हे घर निम्मं माझं, निम्मं ताईचं. माझं निम्मंही ताईला. अट एकच. तिने मागच्या खोलीत झोपू नये आणि शिलाई मशीनही पुढच्या खोलीत आणावं. मागच्या भिंतीला बुरशी आहे आणि ताईला दमा. डॉक्टरीणबाईंनी तिला तोंडावर सांगितलंय, "खोली सोडा, नाहीतर बसा नुसती औषधं गिळत." ताई म्हणते, उजेड तिथेच चांगला येतो.

कलम २. माझं चामड्याचं जाकीट त्याच भिंतीपलीकडच्या काकांना. त्यावर हिरवी लव उगवली आहे. त्यांच्याच न्हाणीघरातल्या गळक्या नळाचं पीक, त्यांनीच अंगावर घालावं. नळाचा विषय काढला की म्हणतात, "ओल हवेतच आहे रे, हवेवर दावा लाव."

कलम ३. माझे ब्रश कुणालाच देऊ नयेत, जाळावेत. कारण सांगतो. जिथे जिथे रंगकाम केलं तिथला उरलेला डबा मी घरी आणला. आलो की भिंत पुसायची, ऑइलपेंटचा एक हात मारायचा. ताई खूश, मी पुन्हा पसार. आता पोपडे निघतात तशी माझी सगळी भटकंती दिसते. वर होडीचा निळा, त्याखाली दवाखान्याचा हिरवा, त्याखाली शाळेचा पिवळा. शाळेत मी कधी टिकलो नाही, रंगवली मात्र अख्खी. ते असो. परवा गवंडी दोस्ताने भिंतीवर बोटं वाजवली आणि म्हणाला, "लेका, ओल्या माणसाला रेनकोट घातलास तू. आतल्या आत कुजतेय ती."

कलम ४. छन्नी-हातोडी गवंड्याचीच आहे, मागून आणली होती, ती त्याला परत. तीच वापरून त्याने सगळा रंग आणि गिलावा काढून विटा उघड्या कराव्यात, आणि भिंत एक अख्खा उन्हाळा तशीच वाळू द्यावी. त्याआधी काकांचा नळ बदलायला हवा. तो कसा, ते मला जमलेलं नाही.

इथपर्यंत ताईला वाचून दाखवलं. मधे तिला खोकला आला म्हणून थांबावं लागलं. मग म्हणाली, "विटा बघत बसू होय? गिऱ्हाईक येतं या खोलीत." आणि जरा वेळाने, "यंदा डबा नाही आणलास?"

आणलाय. बोटीचा राखाडी. दारामागे लपवला होता, तिला दिसलाच.

"मग जाण्याआधी मार की एक हात. तेवढंच तू येऊन गेल्यासारखं वाटतं रे."

मी नाही म्हणालो. तिने ऐकून घेतलं आणि ब्रश रॉकेलमध्ये भिजत घातला.

कलम ५. सबब, हे वाचताना भिंत राखाडी दिसली तर वरची कलमं रद्द समजू नयेत. गवंड्याने सुरुवात त्या राखाडीपासूनच करावी.

साक्षीदार : गवंडी (सही).
डॉक्टरीणबाई (सही, वर त्यांच्या अक्षरात पुन्हा "खोली सोडा").
ठिकाण : मागची खोली.
दिनांक : बोट सुटण्याच्या आदल्या दिवशी.
लिहून ठेवणार : ताईचा धाकटा भाऊ. सहीशेजारचा राखाडी ठसा माझ्याच अंगठ्याचा आहे.