रविवार सोडून बंद पडणारा सौर संच

प्रति,
मा. विभागप्रमुख,
ग्राहक तक्रार व दुरुस्ती विभाग,
द्वीप सौरवीज सहकारी संस्था,
मुख्य बंदर कार्यालय.

विषय : घरगुती सौर संच क्र. ११७ हा ‘बॅटरी कमी’ असा इशारा देऊन रोज संध्याकाळी बंद पडत असल्याबाबत. (पाचवा अर्ज. कृपया आधीच्या चारांत मिसळू नये.)

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे चार अर्ज.
२) आपल्या तंत्रज्ञांचे चार अहवाल, चारही ‘दोष आढळला नाही’.

महोदय,

मी, रोसेंदा माग्बानुआ, कालानाय बेटावरील रहिवासी व पलीकडच्या बेटावरील प्राथमिक शाळेत शिक्षिका, सविनय सादर करते की आपल्या संस्थेने आठ महिन्यांपूर्वी आमच्या घरी सौर संच बसवून दिला. चार पॅनेल अंगणात लोखंडी चौकटीवर, वादळ आले की पटकन उतरवता यावेत म्हणून कमरेइतक्या उंचीवर आहेत. बॅटरी व इन्व्हर्टर बाहेरच्या खोलीत आहेत. त्यावर तीन दिवे, एक पंखा व एक लहान फ्रीज चालतो. फ्रीज आम्ही चैनीसाठी घेतलेला नाही. माझ्या सासूबाई कॉन्सोर्सिया, ज्यांना आम्ही सगळे नानाय म्हणतो, वय ७१, यांना मधुमेह आहे आणि त्यांचे इन्सुलिन त्यात ठेवावे लागते. पती जहाजावर नोकरीला असल्याने घरात आम्ही दोघीच.

२. दोष असा. संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास फ्रीजची मोटर सुरू झाली की इन्व्हर्टर तीनदा पिपाणी वाजवतो, तांबडा दिवा लागतो आणि घर अंधारात जाते. मिनिटभर आधी पडद्यावर बॅटरी चाळीस टक्के दिसत असते. हे मी एकतीस दिवस वहीत टिपले आहे. रविवारी मात्र, अगदी अलीकडेपर्यंत, संच बंद पडत नसे. याचे कारण मी तिसऱ्या अर्जात विचारले असता आपल्या कार्यालयाने ‘रविवार हा तांत्रिक घटक नाही’ असे कळवले. नानायचे म्हणणे होते की यंत्रालाही देवाचा वार कळतो. दोन्ही उत्तरांनी माझे समाधान झाले नाही.

३. आपले तंत्रज्ञ श्री. देल्फिन हे सज्जन गृहस्थ आहेत, त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. परंतु ते अकराच्या बोटीने येतात व दुपारनंतर वारा सुटतो म्हणून दोनच्या बोटीने जातात. भर दुपारी बॅटरी भरलेली, पॅनेल लखलखीत, फ्रीज गार. दोष तंत्रज्ञांनी स्वतः पाहिल्याशिवाय नोंदवता येत नाही आणि दोष सव्वासातला होतो. एका भेटीला मी रजा घेऊन घरी थांबले व त्यांना मुक्कामाचा आग्रह केला तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, राहिलो असतो हो, पण आमच्या फॉर्मवर मुक्कामाला रकानाच नाही.” तो रकाना वाढवता येईल काय, हे मी चौथ्या अर्जात विचारले होते. उत्तर आलेले नाही.

४. दरम्यान मी हातावर हात ठेवून बसले नव्हते. माहितीपुस्तिका मला आता तोंडपाठ आहे. पंखा बंद केला. तीन दिव्यांचा एक केला. दुसऱ्या भेटीत श्री. देल्फिन यांनी इन्व्हर्टरमधली बॅटरीच्या प्रकाराची चुकीची नोंद दुरुस्त केली, त्याने पंधरा दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच. मी फ्रीजमध्ये तापमापी ठेवली. एका सकाळी त्यात चोवीस अंश होते. ३ मार्चला नानाय अंगणात चक्कर येऊन पडल्या. आरोग्यसेविकेने साखर मोजली, इन्सुलिनची कुपी उजेडात धरली आणि म्हणाली, “बाई, हे औषध राहिलेलं नाही, नुसतं पाणी टोचताय तुम्ही.” त्या दिवसापासून मी घाबरलेली आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. वर्गात मुलांना पाढे म्हणायला लावून मी खिडकीतून आमच्या बेटाकडे बघत असते. मुलांनी सातचा पाढा दोनदा चुकीचा म्हटला, माझ्या लक्षात आले नाही.

५. दि. १० मार्च, सोमवार रोजी शाळेच्या बोटीचे इंजिन मध्येच बंद पडले व आम्हाला ओढत परत आणले. मी पावणेदहाला घरी पोहोचले. सोमवार ते शुक्रवार मी पाचच्या आत घरी नसते व शनिवारी औषध आणि सामानासाठी शहरात जाते, हे येथे लक्षात घ्यावे. अंगणात पाहिले तर चारही पॅनेलवर मीठ लावलेली तारली ओळीने पसरलेली होती. मी मोजली. दोनशे चार. शेजारी बाकावर नानाय लांब काठी घेऊन मांजरांची वाट पाहत होत्या.

मला त्या इंदाय, म्हणजे पोरी, अशी हाक मारतात. त्या म्हणाल्या, “इंदाय, आज इतक्या लवकर? बरी आहेस ना?”

मी विचारले हे काय आहे, तर त्यांना माझ्या प्रश्नाचेच नवल वाटले. “अगं, काच कशी तापते बघ. उतार आहे, पाणी निथळतं, मांजराचा पाय घसरतो. चटईवर चार दिवस लागतात, इथं दोन दिवसांत कडक. देवानं दिलेलं ऊन सगळं त्या डब्यातच भरायचं होय?”

महोदय, अधिक विचारपूस केली असता पुढील गोष्टी उघड झाल्या. तारली सकाळी आठला वर जाते व तीनला खाली येते. मग नानाय पॅनेल दोन बादल्या पाण्याने धुतात. गोडे पाणी आमच्याकडे पिण्यापुरतेच, त्यामुळे समुद्राच्या पाण्याने. कारण पहिल्या भेटीत श्री. देल्फिन म्हणाले होते, “नानाय, पॅनेल स्वच्छ ठेवा बरं का.” रविवारी मासळीला हात लावायचा नाही हा त्यांचा नेम. आणि तंत्रज्ञ येणार असा निरोप आला की पाहुणा येतो म्हणून त्या पहाटेच सगळे आवरतात. म्हणजे दर वेळी आम्ही घर झाडले आणि त्याबरोबर दोषही झाडून टाकला.

६. आता लिहिण्यास जड जाते ते लिहिते. ही मासळी विकण्यासाठी नव्हती. पहिल्या भेटीत श्री. देल्फिन यांनी आमच्याकडे भाताबरोबर तारली खाल्ली व म्हणाले, “अशी शहरात नाही मिळत, आमच्या साहेबांना फार आवडेल.” पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवायचे नाही, ही आमच्याकडची रीत. नानायनी एक पुडके त्यांना व एक आपणासाठी दिले. संच दुरुस्त झाला नाही, तेव्हा त्यांना वाटले पुडके लहान झाले. दुसऱ्या भेटीला दोन, तिसऱ्या भेटीला तीन, चौथ्या भेटीला पाच पुडकी आपणाकडे गेली. “साहेब खाल्ल्या मिठाला जागतील,” असे त्या मला म्हणाल्या, “माझ्या औषधाची काळजी मला नाही का?” संच जितका बंद पडे तितकी मासळी वाढे, आणि मासळी जितकी वाढे तितका संच बंद पडे. आपण ती आवडीने खाल्ली असल्यास त्यात आपला दोष नाही.

७. मी पॅनेल उलटवून पाहिले. खालच्या वायरींच्या जोडांवर मिठाचा पांढरा-हिरवा थर आहे. दोन जोड माझ्या हातातच सुटले. त्यामुळेच गेल्या दोन रविवारी मासळी नसूनही संच बंद पडला. जोड बदलल्याशिवाय आता सुटका नाही.

८. हमीपत्राचे नववे कलम मी वाचले आहे. वापरणाऱ्याच्या चुकीने बिघाड झाल्यास हमी संपते व संस्था संच काढून नेऊ शकते. नानाय म्हणाल्या, “पावसाचं पाणी गेलं असं लिही की. कोण बघायला येतंय?” चार भेटींचा अनुभव पाहता कोणी बघणार नाही हे त्यांचे म्हणणे खरे आहे. तरी मी खोटे लिहू शकले नाही. संच गेला तर फ्रीज गेला आणि फ्रीज गेला तर पुढचे मी लिहीत नाही. सध्या इन्सुलिन धक्क्यावरील मासळी व्यापाऱ्याच्या बर्फाच्या पेटीत आहे. ते गोठले तरी वाया जाते, म्हणून मी शाळेला जाताना व येताना पेटी उघडून बघते. व्यापारी वैतागला आहे. नव्या महिन्याच्या कुप्या शनिवार दि. २२ रोजी येतील, त्या ठेवायला जागा नाही.

तरी विनंती की २२ तारखेपूर्वी जोड बदलून मिळावेत व संच काढून नेऊ नये. जोडांचा खर्च मी देईन.

याहून निकडीची विनंती वेगळी आहे. १० तारखेनंतर नानायनी दोन दिवस मासळी बंद ठेवली. गुरुवारी मला पॅनेलच्या कोपऱ्यात ताजे खवले चिकटलेले दिसले. मी चिडून बोलले. त्या शांतपणे म्हणाल्या, “साहेबांनी नको म्हटलंय का? तू म्हणतेस. मासे काय तुझ्यासाठी होते?” महोदय, त्यांना मी समजावू शकत नाही, मी फक्त सून आहे. म्हणून आपण कार्यालयाच्या कागदावर, शिक्का मारून, श्रीमती कॉन्सोर्सिया माग्बानुआ यांच्या नावे दोन ओळी लिहाव्यात : मासळी पोहोचली. चांगली होती. आता पुरे. मी ते पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवीन. जोड एक दिवस उशिरा आले तरी मी पेटीवर नजर ठेवीन, पण हे पत्र उद्याच्या बोटीने यावे.

उत्तराच्या बोटीकडे डोळे लावून,

आपली नम्र,
(सही)
रोसेंदा माग्बानुआ
कालानाय बेट, दि. १७ मार्च

सोबत :
१. एकतीस दिवसांच्या नोंदींची वही.
२. सुटलेले दोन जोड, कागदात गुंडाळून.
३. पॅनेलचा फोटो, दि. १० मार्च, सकाळी पावणेदहा.
४. सुकी तारली, सहा पुडकी. ही मी पाठवणार नव्हते. नानाय पाकिटाशेजारी उभ्या आहेत.